सुचाईचा पाट

एका राज्यात वसंत दर वर्षी यायचा, पण तोच यायचा. आंब्याच्या त्याच फांदीला तोच मोहोर, त्याच पळसावर तीच फुलं. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. सवयीचं झालं की वावगंही घरचंच वाटतं. नव्या माणसाला मात्र ते लगेच दिसायचं, आणि त्या साली राज्यात नवं माणूस एकच आलं होतं. तिचं नाव अनसा. डोंगरापलीकडच्या मुलखातून ती चिताऱ्यांच्या घरी सून म्हणून आली होती.

अनसा कमी बोलायची. नवी नवरी बोलली तर आगाऊ ठरते आणि न बोलली तर घुमी. त्यातलं घुमी ठरणं तिनं पत्करलं, कारण त्यात बघायला वेळ मिळतो.

चितारी म्हणजे राजाचे चित्रकार. राजवाड्याच्या चौकात एक लांबलचक भिंत होती. दर वसंतात चिताऱ्यानं त्या भिंतीवर नवं चित्र काढायचं, आणि चित्रात जे येईल तसा त्या सालचा वसंत फुलायचा, अशी रीत. पण पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि नवं चित्र काही निघालं नव्हतं. चितारी भिंतीपुढे बसायचा, सुचण्याची वाट बघायचा, आणि वाट बघता बघता भिंतीत जायचा. आधी बोटं, मग हात, मग दंड, मग सगळाच. भिंतीवर अशी माणसं ओळीनं उभी होती, हातात कुंचला, आणि तोंडावर आता सुचेल, आत्ता सुचेल, असा भाव.

ओळीत सगळ्यांत शेवटी अनसाचे सासरे होते. सासूबाई रोज सकाळी मऊ फडक्यानं त्यांच्या पायांवरची धूळ पुसायच्या आणि घरी येऊन कपाळाला कुंकू लावायच्या. नवरा चित्र झाला म्हणून बाई विधवा होत नाही, असा शास्त्र्यांनी निर्णय दिला होता. तेवढं बरं केलं होतं शास्त्र्यांनी.

जे जे सुचतं ते सुचाईकडून येतं, हे त्या राज्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं. म्हणून चिताऱ्यांच्या घरी दररोज दुपारी माजघराच्या मधोमध सुचाईसाठी चांदीच्या फुल्यांचा पाट मांडत. भोवती रांगोळी, पुढ्यात केळीचं पान, पानावर डावं-उजवं सगळं वाढलेलं. मग शंख वाजवून घरचे झाडून सगळे हात जोडून भोवती उभे राहत आणि रिकाम्या पाटाकडे टक लावून बघत. अन्न निवायचं, साय धरायची, आणि मग ते पान नदीत सोडत. अनसानं पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा तिला वाटलं, हे आपल्यासाठीच मांडलंय की काय. कारण नव्या नवरीलाही असंच मधोमध बसवतात, चहूबाजूंनी बघत राहतात, आणि वर म्हणतात, जेव ना, लाजतेस कशाला.

तिच्या नवऱ्याचं नाव हरपाळ. लग्नाला अजून पुरता ऋतू उलटला नव्हता. त्याच्याविषयी तिला एवढंच ठाऊक होतं की तो भाकरीचा पापुद्रा आधी खातो, आणि अंतरपाट धरला असताना तो तिच्याकडे बघायचं सोडून समईच्या सावलीकडे बघत होता. तिला ते आवडलं होतं. असं आवडल्याचं कुणाला सांगायची सोय नसते.

एके दुपारी हरपाळ राजवाड्यातून घरी आला तो उजवा हात उपरण्याखाली धरून. पाण्याचा तांब्या त्यानं डाव्या हातानं घेतला. अनसानं उपरणं बाजूला केलं. बोटं चपटी झाली होती, मनगटापर्यंत हात रंगाचा झाला होता. बोटातली अंगठीही रंगाचीच.

"दुखतं का?" तिनं विचारलं. लग्नानंतर तिनं त्याला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"दुखत नाही. नुसतं वाळत जातं."

"मग उद्यापासून त्या भिंतीपुढे बसू नका."

"आणि मी उठलो नि तेवढ्यात ती आली तर?" हरपाळ म्हणाला.

 याच प्रश्नावर ओळीतले सगळे भिंतीत गेले होते.

राजा पृथुसेनाच्या कानावर हे गेलं. राजा वाईट नव्हता. राजा वाईट असला की गोष्ट सोपी होते, पण हा भला होता. तो स्वतः चिताऱ्यांच्या घरी आला, त्यानं हरपाळचा हात बघितला, डोळे पुसले आणि आज्ञा केली की सुचाईसाठी आणखी एक पाट मांडा, आणि शंख दुप्पट वाजवा. वसंतोत्सव उद्यावर आला होता. एकदा हात रंगाचा होऊ लागला की त्या उत्सवाच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत चित्र निघालं नाही तर चितारी उरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. 

राजा गेल्यावर अनसानं सासूबाईंना विचारलं, "ती राहते कुठे?"

"डोंगरावर, महालात," सासूबाई म्हणाल्या. "या राजाच्या पणज्यानं बांधला. आधी ती कुठेही जायची म्हणे. कुंभाराकडे, साळ्याकडे, गुराख्याकडेसुद्धा. राजाला ते बरं वाटलं नाही. एवढी मोठी देवी, आणि मागल्या दारानं कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसते म्हणजे काय. म्हणून महाल बांधला, रत्नं वाहिली, कर्दम मांत्रिकाकडून मंत्रानं दार बांधून घेतलं. तेव्हापासून ती तिथे मानानं असते. आणायला पालख्या गेल्या. गेल्या त्या गेल्याच."

"मी जाऊन येते."

"तू? तुला चार शब्द तरी धड बोलता येतात का?"

"नाही. पण चालता येतं."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्यांनी भाकरी नि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली, वर हळदकुंकवाची पुडी. "भेटली तर माझ्या नावानं हळदकुंकू लाव," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच अनसा निघाली. डोंगराच्या वाटेवर एका करवंदीच्या जाळीत भारद्वाज बसला होता. याचं दर्शन झालं की काम होतं म्हणतात. अनसाला बघताच त्यानं मान पानांत घातली.

"झालं ना बघून? झाला शकुन. जा आता."

"शकुनासाठी नाही बघत," अनसा म्हणाली. "तुमच्या पंखात काटा अडकलाय."

तिनं काटा काढला. पक्ष्यानं पंख उघडून मिटून बघितला.

"सगळे माझ्याकडे बघतात," तो म्हणाला. "कसा आहेस म्हणून विचारत कुणी नाही. भारद्वाज म्हणतात ते मान द्यायचा म्हणून. घरी मला कुंभारकावळाच म्हणतात. महालाची वाट दाखवतो मी तुला. पण आधीच सांगून ठेवतो, शहाणपणाचं काही मी बोलणार नाही. बोलणारा पक्षी दिसला की लोकांच्या अपेक्षा फार वाढतात."

"नका बोलू," अनसा म्हणाली. "मलाही सवय नाही."

दोघं न बोलता डोंगर चढले.

वर एक दगडी दरवाजा होता, आणि दरवाज्यावर एक कान कोरलेला होता. बाजूच्या शिळांवर ओळीच्या ओळी अक्षरं होती. ती राजानं पाठवलेल्या कवींची. इथे येऊन त्यांनी जे म्हटलं तेच ते होऊन बसले होते.

"मी न ऐकलेलं काही सांग," दरवाजा म्हणाला. "तीनदा बोलता येईल. तिसऱ्यांदाही ऐकलेलंच निघालं तर इथेच राहशील."

अनसानं आठवून बघितलं. थोरामोठ्यांच्या तोंडी शोभेल असं काही बोलायला हवं.

"चंद्र रुप्याच्या ताटासारखा दिसतो."

"ऐकलंय."

"आयुष्य ही नदी आहे."

"हे रोज ऐकतो," दरवाजा म्हणाला, आणि एक थकलेली धूळ खाली पडली.

 थोर असं अनसापाशी आणखी काही नव्हतं. ती दाराला टेकली. घरची आठवण आली तशी बोलली, दाराशी कमी आणि पक्ष्याशी जास्त.

"माझ्या सासूबाई दुपारी डोळा लागला की हसतात. जागेपणी मी त्यांना कधी हसताना बघितलं नाही."

दरवाज्यानं कोरलेला कान पुढे केला. मग म्हणाला, "कशाला हसतात?"

"ते ठाऊक नाही. कूस बदलतात, पदर सारखा करतात, नि हसतात. कुणी आल्यासारखं."

"हे ऐकलं नव्हतं," दरवाजा म्हणाला, आणि उघडला. उघडताना त्याचा आवाज झाला नाही. बहुधा तो अजून सासूबाईंचाच विचार करत असावा.

आत अंगण होतं. अंगणात कर्दम मांत्रिक बसला होता. त्याची दाढी फरशीच्या भेगांतून खाली उतरून तिथेच रुजली होती. शेजारी होमकुंडात निखारे होते आणि पुढ्यात एक भला मोठा ढीग, तांदूळ आणि रत्नं एकत्र कालवलेली.

"जुन्या राजानं सुचाईला वाहिलेला हा नजराणा," कर्दम म्हणाला. "निवडून वेगळा कर. सूर्य डोक्यावरून ढळायच्या आत."

ढिगात काही माणकं फार मोठी होती. नीट बघितलं तर एकेका माणकात एकेक सरदार गुडघे पोटाशी घेऊन बसलेला दिसे. रत्न उचलायचं, उजेडात धरायचं, आणि बघत राहायचं, असं करता करता तेही त्यात गेले होते.

अनसा सकाळपासून उपाशी होती. चटणी-भाकरी तिनं जपून ठेवली होती. तिनं तांदळाचे दाणे तळहातावर घेतले.

"हे किती वर्षांचे?"

"चार राजे झाले तेवढ्या वर्षांचे."

"म्हणजे भात मोकळा होईल," अनसा म्हणाली. कोपऱ्यात एक पातेलं नि एक सूप होतं, त्यातलं सूप घेऊन ती बसली आणि तांदूळ पाखडायला लागली. खडे लागले ते बाजूला टाकत गेली. हिरवे खडे, लाल खडे, पांढरे खडे.

कर्दमाला राहवेना. "तो हिरा होता."

"दाताखाली आला असता."

सूर्य डोक्यावर यायच्या आधी एकीकडे तांदूळ झाला आणि एकीकडे खडे. कर्दमानं डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं त्यानं माणसं तांदळातून रत्नं निवडताना बघितली होती. रत्नांतून तांदूळ निवडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"तुमच्या या कुंडावर भात टाकला तर चालेल का?" अनसानं विचारलं. "नाहीतरी निखारे वाया चाललेत."

मांत्रिकाला असं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही. भात शिजला तेव्हा पहिलं वाढप तिनं त्यालाच दिलं. दोन घास झाल्यावर तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "दाराचं झालं, ढिगाचं झालं, आता तिसरं काम ऐक. आत ती आहे. तिला बाहेर आण. पण तिच्याकडे काही मागितलंस तर तू तीच मागणी होऊन बसशील. तोंडानं नाही आणि मनानं मागितलंस, तरीही."

अनसा उंबऱ्याशी थांबली. मनात एकच गोष्ट होती. ती काढून टाकू म्हटलं की तो रंगाचा हातच डोळ्यांपुढे यायचा, आणि जितकं ढकलावं तितका जवळ यायचा. आत जायचं तर ही मागणी घेऊनच जावं लागणार होतं. मागे फिरायचं तर संध्याकाळी त्या ओळीत आणखी एक माणूस. ती बराच वेळ भाताचं पातेलं धरून उभी राहिली. पातेलं पोळायला लागलं तेव्हा आत गेली.

आत उंच सिंहासनावर एक बाई बसली होती. वय सांगता येऊ नये अशी. अंगभर दागिने, पाय जमिनीपासून वर लोंबकळलेले, मान खाली. अनसानं ते बसणं ओळखलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतः अशीच बसली होती.

"माग," सुचाई मान वर न करता म्हणाली. पाठ केल्यासारखं.

देवीला अहो-जाहो कुणी करत नाही, म्हणून अनसाही एकेरीतच बोलली. "मागण्यासारखं आहे माझ्यापाशी. ते तुलाही दिसतंय, मी लपवत नाही. पण ते माझं ओझं आहे, ते मी धरून बसते. तू जेवून घे. भात निवेल."

सुचाईनं मान वर केली. "बाहेर सगळे बघत असतील."

"कुणी नाही. एक म्हातारा आहे, तो जेवतोय. एक पक्षी आहे, त्याला तर बघायचा कंटाळाच आहे."

सुचाई खाली उतरली. उतरताना बांगड्या अडकल्या, त्या तिनं काढून ठेवल्या, मग तोडे, मग हार. खाली मांडी घालून बसली आणि जेवायला लागली. चटणी दोनदा मागून घेतली. अनसानं तिला सासूबाईंच्या नावानं हळदकुंकू लावलं आणि स्वतःही भाकरीचा तुकडा मोडला. मागणी उरात होती तिथेच होती. पण जेवणाऱ्याकडे लक्ष असलं की आपल्या भुकेचा आवाज जरा बारीक होतो, तसं तिचं झालं.

"तुला सासरी काय विचारतात?" सुचाईनं विचारलं.

"तुला काय काय येतं, असं विचारतात. मग जे येत असतं तेही विसरायला होतं."

सुचाई हसली. "मला विचारतात, काय आणलंस. येऊन टेकायच्या आधी. एखाद्या दिवशी हातात काहीच नसतं माझ्या. पण नुसतं जाऊन बसायची सोयच राहिली नाही."

"आधी कुठे जायचीस?"

"कुठेही. माणसं आपापल्या कामात असायची. कुंभार चाकावर असला की मी मागून जायची नि त्याच्या खांद्यावरून बघायची. तो मान वर करायचा नाही. कधी त्याच्या हाताला काही सुचवायची, कधी नुसती बसून परत यायची. त्याला दोन्ही चालायचं. मडकं दोन्ही दिवशी व्हायचं."

"म्हणजे माहेरच की ते," अनसा म्हणाली.

सुचाईचा घास हातातच राहिला. 

"दार तर उघडंच आहे," अनसा जरा वेळानं म्हणाली.

"दार उघडंच असतं. पण त्याच्यापलीकडे सगळं राज्य डोळे लावून बसलंय. कर्दमाचा मंत्र दुसऱ्या कशाचा नाही, त्या नजरांचाच विणलेला आहे. त्यातून मला जाता येत नाही. आणि मी गेले नाही की ते आणखी टक लावतात, आणि टक लावणारा जागच्या जागी थिजतो. तुझ्या नवऱ्याचा हात मी घेतलेला नाही, बाई."

अनसानं पातेलं विसळलं, पालथं घातलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"जाते मी."

"मला न घेता?"

"तुला घेऊन गेले तर मीही पालखीच झाले."

अंगणात कर्दमानं विचारलं, "तिसरं काम राहिलं की."

"झालं की राहिलं ते सूर्य मावळायच्या वेळी कळेल," अनसा म्हणाली आणि डोंगर उतरू लागली. उतरताना तिला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. रिकाम्या हातानं सासरी परत जायचं होतं.

चौकात उत्सवाची गर्दी उसळली होती. शंख दुप्पट वाजत होते. दोन्ही पाट घरून आणून आज इथेच मांडले होते आणि सगळं राज्य पायाच्या बोटांवर उभं राहून त्या पाटांकडे बघत होतं. भिंतीपाशी हरपाळ उभा होता. उजवा हात खांद्यापर्यंत भिंतीत गेलेला, मानेवर पांढरा रंग चढू लागलेला.

"आणलीस?" राजानं विचारलं.

"नाही, महाराज."

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. प्रधान म्हणाले, "आम्ही म्हटलंच होतं." प्रधान नेहमीच म्हटलंच होतं असं म्हणायचे.

"ती येणार कधी?" राजानं विचारलं.

"वाट बघणं थांबलं की."

"ते थांबवायचं कसं? मी आज्ञा देतो."

"आज्ञेनं नाही थांबत. हात कामात गुंतले की थांबतं."

राजानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मला काम काही येत नाही."

"पावटे सोलता येतील."

चिताऱ्यांच्या घरून पावट्याच्या शेंगांच्या टोपल्या आल्या, कारण इतक्या पाहुण्यांच्या उसळीचं कुणालातरी बघायचंच होतं. राजा खाली बसला. राजा बसला म्हणून प्रधान बसले, प्रधान बसले म्हणून बाकीचे. पण पाटांभोवतीची माणसं हलेनात. सगळ्यांत पुढे सासूबाई होत्या.

अनसा त्यांच्यापाशी गेली. "पाट उचलूया का?"

"हा उचलला," सासूबाई म्हणाल्या, "तर यांच्यासाठी मी इतकी वर्षं काय केलं म्हणायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या भिंतीकडे बघत होत्या, शेवटून पहिल्या माणसाकडे.

अनसानं त्यांचं कोपर धरलं. "पुष्कळ केलंत," ती म्हणाली. "आता जरा टेका. इथेच, याच पाटावर टेका. सकाळपासून उभ्या आहात, गुडघे दुखत असतील."

चौकात शंख थांबले. सासूबाईंनी पाटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि चांदीच्या फुल्यांच्या त्या पाटावर एक हात टेकून हळूच बसल्या. बसल्यावर त्यांच्या तोंडून हुश्श निघालं. मग त्यांनी टोपली ओढून दुसऱ्या पाटावर घेतली. बघायला आता काही उरलं नाही, तशी माणसंही पांगून जी ती कामाला लागली.

अनसा हरपाळपाशी गेली. "काढा आता चित्र."

"काय काढू? काही सुचत नाही."

"न सुचता काढा."

"डाव्या हातानं वाईट येईल."

"येऊ दे. राजा पावटे सोलतोय तेही वाईटच सोलतोय."

हरपाळनं भिंतीवरचे डोळे काढले आणि वळून बघितलं. राजानं शेंग दोन्ही अंगठ्यांनी दाबली होती. शेंग फुटली, दाणा उडाला आणि प्रधानांच्या दाढीत बसला. राजानं शांतपणे दाढीतून तो काढून टोपलीत टाकला. हरपाळच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानं डाव्या हातात कुंचला घेतला. पहिली रेघ वाकडी आली. ती तशीच ठेवून त्यानं दुसरी काढली.

अनसा परत येऊन शेंगा सोलायला बसली. थोड्या वेळानं तिच्या बाजूला कुणीतरी येऊन बसलं. अनवाणी पाय, मनगटं मोकळी, कपाळावर ताजं कुंकू. अनसानं टोपली दोघींच्या मध्ये सरकवली आणि मान वर केली नाही. दरवाजा उघडणं सोपं होतं, तांदूळ निवडणं त्याहून सोपं. हे मान वर न करणं तिला जड गेलं. उरातली मागणी पुन्हा घशाशी आली होती. तिनं शेंगेवर लक्ष ठेवलं, शीर काढली, दाणे काढले, दुसरी शेंग घेतली. दोघी बराच वेळ नुसत्या सोलत राहिल्या. मग शेजारचं माणूस उठलं, हात झटकले, आणि हरपाळच्या मागे जाऊन त्याच्या खांद्यावरून बघू लागलं. हरपाळ कामात होता. त्याला कळलं नाही.

त्याच्या रेघा चालू लागल्या. मुकुट काढून ठेवलेला राजा, पुढे वाकलेला, डोळे बारीक केलेले. उडता दाणा. पाटावर बसलेली एक म्हातारी. मध्येच कुंचला डाव्या हातातून उजव्या हातात गेला, आणि उजवा हात भिंतीतून सुटला होता हे हरपाळला चित्र पुरं झाल्यावरच समजलं.

सूर्य मावळत होता. वाळलेला रंग उलतो तसा बारीक आवाज झाला आणि भिंतीतले चितारी एकेक करून खाली उतरले. डोंगरावर माणकं फुटली, शिळांवरची अक्षरं सुटली, सरदार नि कवी आपापल्या घरच्या वाटा विचारू लागले. कर्दमानं दाढी उपटून घेतली आणि पहिल्यांदाच उभा राहिला.

अनसाचे सासरे खाली उतरले, रंगाची धूळ झटकली आणि इकडे तिकडे बघू लागले. सासूबाई पाटावरून उठल्या नाहीत. उठवेना त्यांना.

"फार वेळ लागला का मला?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता तर पावटे सोलून झाले." आणि जागेपणी हसल्या.

राजा चित्रापुढे उभा राहिला. "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"डाव्या हातानं काढलंय, महाराज," हरपाळ चाचरत म्हणाला.

"नाही, बरोबर आहे," राजा म्हणाला. मग हळूच अनसाला विचारलं, "ती आली होती का?"

"कोण?" अनसा म्हणाली.

त्या साली वसंत चित्राप्रमाणे आला. वाड्याच्या तटावर, छपरांवर, प्रधानांच्या पालखीवरसुद्धा पावट्याचे वेल चढले आणि जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी लगडले. मोहोर मागे पडला म्हणून काहींनी कुरकुर केली. पण असा वसंत कुणी बघितला नव्हता, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. राजाला मागल्या दारापाशी सुचाईचं एक लहानसं देऊळ बांधावं असा मोह झाला होता. अनसानं आणखी एक टोपली त्याच्यापुढे ठेवली.

हरपाळ अजूनही दर वसंतात भिंतीपुढे उभा राहून म्हणतो की काही सुचत नाही, आणि म्हणता म्हणता रंग कालवायला घेतो. कुठल्या साली ती येते, कुठल्या साली येत नाही. चित्र दोन्ही साली निघतं. कुठलं कुठल्या सालचं, हे ओळखायला लोक चौकात जमतात, भांडतात, पैजा लावतात. अनसा त्यात पडत नाही. तिला ठाऊक असतं, पण ती सांगत नाही.

ज्यांनी ऐकली त्यांचे हात चालते राहोत, जिनं सांगितली तिची चूल पेटती राहो. गोष्ट इथे उतरली.